बहुकेंद्री जनुकीय अभ्यास: सहकार्य तुटू नये म्हणून काय करावे, आणि कोणत्या क्रमाने

जनुकीय संशोधनातले सहकार्य बहुतेक वेळा वैरामुळे मोडत नाही, ते क्रम चुकल्यामुळे मोडते. परिषदेत दोन प्रयोगशाळांची ओळख होते, उत्साहात नमुने गोळा होऊ लागतात आणि ते कोणाचे, डेटा कोण पाहणार, लेखात कोणाचे नाव कुठे येणार हे प्रश्न दीड-दोन वर्षांनी निघतात. तोवर प्रत्येकाने आपल्या परीने उत्तरे गृहीत धरलेली असतात. हा लेख अशा अभ्यासाचे समन्वयन करणाऱ्यांसाठी आहे, विशेषतः पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी.

चर्चा हवेत राहू नये म्हणून एकच उदाहरण शेवटपर्यंत घेऊ. समजा, नंदुरबार, गडचिरोली, नागपूर आणि मुंबई अशा चार ठिकाणच्या केंद्रांना सिकलसेलच्या रुग्णांमध्ये एक गोष्ट शोधायची आहे. काही रुग्णांत गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन, म्हणजे हिमोग्लोबिन एफ, मोठेपणीही बरेच टिकून राहते आणि त्यांचा आजार तुलनेने सौम्य राहतो. त्यामागे कोणते जनुकीय फरक आहेत, हा प्रश्न आहे. एकट्या केंद्राकडे पुरेसे रुग्ण नसल्यामुळे सहकार्याला पर्याय नाही.

## टप्पा १: प्रश्न एका पानावर लिहा

पहिल्या बैठकीआधी प्रत्येक केंद्रप्रमुखाने, दुसऱ्याशी न बोलता, अभ्यासाचा प्रश्न आपल्या शब्दांत एका पानावर लिहावा. नंतर चारही पाने टेबलावर शेजारीशेजारी ठेवावीत. ही कृती क्षुल्लक वाटते, पण पुढचे निम्मे वाद येथेच उघड होतात. एका पानावर ‘हिमोग्लोबिन एफ वाढवणारे जनुकीय फरक’ असते, दुसऱ्यावर ‘आजाराची तीव्रता’, तिसऱ्यावर ‘हायड्रॉक्सियुरिया या औषधाला मिळणारा प्रतिसाद’. हे तीन वेगळे अभ्यास आहेत. त्यांना लागणारे रुग्ण, नोंदी आणि नमुन्यांची संख्या वेगळी आहे.

एकच मुख्य प्रश्न निवडावा आणि बाकीचे ‘दुय्यम’ म्हणून नोंदवून प्रत्येकापुढे तो हाताळणाऱ्या केंद्राचे नाव लिहावे. दुय्यम प्रश्नाला मालक नसला की तो दोघे जण गुपचूप हाती घेतात.

तपासा: चारही केंद्रांतल्या कनिष्ठातल्या कनिष्ठ संशोधकाला मुख्य प्रश्न एका वाक्यात सांगता येतो का? येत नसेल, तर दुसऱ्या टप्प्याकडे जाऊ नका.

## टप्पा २: करार नमुन्याआधी

सर्वाधिक चुका याच टप्प्यात होतात, म्हणून तो सविस्तर पाहू. सामंजस्य करार, नमुने देण्याघेण्याचा करार, म्हणजे ज्याला सगळे ‘एमटीए’ म्हणतात तो, आणि डेटा वापरण्याचा करार हे तीन वेगळे दस्तऐवज आहेत. पहिल्यावर सह्या झाल्या की बाकीचे आपोआप झाले, असे अनेकांना वाटते. तसे नसते. सामंजस्य कराराने इच्छा नोंदवली जाते, एमटीएने नळी हलते आणि डेटा कराराने फाइल हलते. संस्थांच्या कायदा विभागात हे कागद महिनोन्‌महिने पडून राहू शकतात, म्हणून तिन्ही मसुदे एकाच दिवशी पाठवावेत.

करारात किमान पुढील मुद्दे स्पष्ट शब्दांत असावेत.

क) नमुना कोणाच्या ताब्यात राहणार आणि उरलेल्या डीएनएचे काय होणार. गडचिरोलीत घेतलेले रक्त मुंबईच्या डीप फ्रीझरमध्ये असेल, तर पुढच्या वापरासाठी गडचिरोलीची लेखी संमती लागेल की नुसती सूचना पुरेल?

ख) एकत्रित डेटा कोण, केव्हापासून पाहू शकेल. माझे स्पष्ट मत असे की, नमुने देणाऱ्या प्रत्येक केंद्राला स्वतःच्या रुग्णांचा कच्चा डेटा ताबडतोब आणि विनाअट मिळाला पाहिजे. लहान केंद्रे सहकार्यातून बाहेर पडतात ती बहुधा याच जागी. वर्षभर रक्त पाठवूनही त्यांच्या हाती काही येत नाही, हे मी जवळून पाहिले आहे.

ग) लेखकत्व. कोणत्या कामाला कोणते स्थान, हे निकाल येण्याआधी ठरवावे. वैद्यकीय नियतकालिकांचे संपादक पाळतात ते निकष चार आहेत: कामात भरीव वाटा, मसुद्याचे लेखन किंवा चिकित्सक पुनर्लेखन, अंतिम आवृत्तीला मान्यता आणि संपूर्ण कामाची जबाबदारी. चारही पूर्ण झाले तरच लेखकत्व मिळते. मग क्षेत्रीय डॉक्टरला मसुदा पाठवलाच नाही, तर दुसरा निकष पूर्ण करण्याची संधीच आपण हिरावून घेतो. म्हणून ‘प्रत्येक केंद्रातील किमान दोघांना मसुद्यावर काम करण्यासाठी तीन आठवडे मिळतील’ असे वाक्य करारात घालावे. संपूर्ण समूहाच्या नावाने लेख छापण्याचा मार्गही आहे. हंटिंग्टन रोगाचे जनुक १९९३ साली जाहीर झाले, तेव्हा त्या लेखावर लेखक म्हणून संशोधनसमूहाचेच नाव होते.

घ) बाहेर पडण्याची वाट. एखादे केंद्र मध्येच थांबले, तर त्याचे नमुने परत जातील की अभ्यासात राहतील? हे कलम लिहिताना अवघडल्यासारखे होते, पण वाद झाल्यावर ते लिहिता येत नाही.

सावधान: ‘सविस्तर अटी नंतर परस्पर संमतीने ठरवू’ हे वाक्य मसुद्यात दिसले, तर ते खोडा. ज्या अटीवर आज एकमत होत नाही, ती निकाल हाती आल्यावर अधिक अवघड होते.

## टप्पा ३: मंजुऱ्या आणि संमतिपत्र

आयसीएमआरची, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची, २०१७ सालची राष्ट्रीय नैतिक मार्गदर्शक तत्त्वे या टप्प्याचा आधार आहेत. बहुकेंद्री अभ्यासात प्रत्येक एथिक्स कमिटीने स्वतंत्रपणे सगळे तपासले, की चार ठिकाणांहून चार वेगळ्या दुरुस्त्या येतात आणि चार वेगळी संमतिपत्रे तयार होतात. एकाच नेमलेल्या कमिटीकडून सामाईक आढावा घेण्याची सोय आहे, तिचा विचार आधी करावा. स्थानिक गोष्टींची देखरेख मात्र त्या त्या केंद्राच्या कमिटीकडेच राहते. परदेशी प्रयोगशाळा किंवा परदेशी निधी असेल, तर आयसीएमआरमार्फत चालणाऱ्या आरोग्य मंत्रालयाच्या स्क्रीनिंग कमिटीची प्रक्रियाही पार पाडावी लागते. तिचा वेळ वेळापत्रकात पहिल्यापासून धरावा.

आता संमतिपत्र. जो वापर संमतिपत्रात लिहिलेला नाही, तो पुढे कोणत्याही कराराने करता येत नाही. अमेरिकेत ॲरिझोना राज्यातल्या हवासुपाई समाजाने १९९० च्या दशकात रक्त दिले ते आपल्यातल्या मधुमेहाचे कारण कळावे म्हणून. पुढे त्याच नमुन्यांवर स्किझोफ्रेनिया, आप्तविवाह आणि समाजाचे मूळ स्थलांतर यांविषयी संशोधन झाल्याचे त्यांना कळले. प्रकरण न्यायालयात गेले, २०१० मध्ये ॲरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीशी तडजोड झाली, भरपाई द्यावी लागली आणि उरलेले नमुने समाजाला परत करावे लागले. सातपुड्यात किंवा भामरागडकडे काम करताना हे उदाहरण समोर ठेवावे, कारण तिथेही लोक रक्त देतात ते आपल्या दुखण्यासाठी.

संमतिपत्रात तीन प्रश्नांना वेगवेगळे चौकोन ठेवावेत: हा अभ्यास, भविष्यातले इतर संशोधन आणि इतर संस्थांशी किंवा देशाबाहेर देवाणघेवाण. तिन्हींवर एकच सही घेऊ नये. माडिया, गोंडी, भिली किंवा पावरी बोलणाऱ्या माणसाला मराठी कागद वाचून दाखवणे म्हणजे समजावणे नव्हे. समजावणारी व्यक्ती ती भाषा बोलणारी हवी. अंगठा घेतला, तर निःपक्ष साक्षीदाराची सही हवी.

सिकलसेलचे बरेच रुग्ण लहान असतात. पालकांच्या संमतीबरोबर ७ ते १२ वर्षांच्या मुलांचा तोंडी होकार आणि १२ ते १८ वयोगटाचा लेखी होकार घ्यावा लागतो. मूल १८ वर्षांचे झाल्यावर अभ्यास चालू असेल, तर त्याची स्वतःची संमती घ्यावी लागते. ही तारीख नोंदवहीत आजच टाकून ठेवा. नंतर ती कोणाच्याही लक्षात राहत नाही.

तपासा: चारही केंद्रांची संमतिपत्रे शेजारी ठेवून ‘देवाणघेवाण’ हा परिच्छेद शब्दशः जुळतो का ते पाहा. एका केंद्राच्या पत्रात तो नसेल, तर त्या केंद्राचा डेटा एकत्र करता येणार नाही.

## टप्पा ४: एकाच शब्दाचा एकच अर्थ

सहकार्यातला हा अडथळा कोणाला दिसत नाही, कारण सगळे एकच शब्द वापरत असतात. ‘वेदनेचा झटका’ घ्या. एका केंद्रात रुग्ण भरती झाला तरच झटका मोजतात, दुसऱ्यात आशाताईंनी घरी जाऊन दिलेल्या गोळ्यांचीही नोंद होते. मग नंदुरबारच्या रुग्णांना वर्षाला सहा झटके आणि मुंबईच्या रुग्णांना एक, असा फरक दिसतो आणि कोणीतरी त्याचे जनुकीय कारण शोधू लागते.

नमुना घेण्याआधी दहा-पंधरा पानांची सामाईक नोंदपुस्तिका तयार करावी आणि प्रत्येक रकान्याला व्याख्या, एकक व परवानगी असलेली उत्तरे द्यावीत. आपल्या उदाहरणात पुढील गोष्टी सुटल्या, तर अभ्यास वाया जातो.

रुग्णाचे नेमके वय, कारण लहान मुलांत हिमोग्लोबिन एफ अजून उतरत असते आणि दोन वर्षांच्या मुलाची तुलना वीस वर्षांच्या तरुणाशी होऊ शकत नाही. हायड्रॉक्सियुरिया चालू आहे का, किती मात्रेत आणि केव्हापासून, कारण हे औषधच हिमोग्लोबिन एफ वाढवते. गेल्या तीन महिन्यांत रक्त चढवले का, कारण एचपीएलसीच्या, म्हणजे हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजणाऱ्या चाचणीच्या, आलेखात मग रक्तदात्याचे हिमोग्लोबिन दिसते. शिवाय निदान कशाने झाले: केवळ सोल्युबिलिटी या प्राथमिक चाचणीने की हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे दाखवणाऱ्या इलेक्ट्रोफोरेसिस वा एचपीएलसीने? सोल्युबिलिटी चाचणी वाहक (सिकल जनुकाची एकच प्रत असलेली व्यक्ती) आणि रुग्ण यांत फरक करत नाही.

तारखा नेहमी वर्ष-महिना-दिवस या क्रमाने लिहाव्यात. ०३/०४ म्हणजे तीन एप्रिल की चार मार्च, हा घोळ परदेशी भागीदार आला की हमखास होतो.

## टप्पा ५: क्रमांक, नळी आणि थंड पेटी

प्रत्येक व्यक्तीला केंद्राचे संक्षेपाक्षर, चार किंवा पाच अंकी अनुक्रम आणि शेवटी लिहिण्यातली चूक पकडणारा एक तपासणी-अंक असा क्रमांक द्यावा. नावाची आद्याक्षरे, गाव, मोबाइल किंवा आधार क्रमांक यांचा त्यात वापर नको. क्रमांक आणि नाव जोडणारी यादी ज्या त्या केंद्रातच कुलपात राहावी. ती मध्यवर्ती प्रयोगशाळेला पाठवायची नाही, मागितली तरीही.

रक्त जांभळ्या टोपीच्या ईडीटीए नळीत घ्यावे. हेपॅरिनच्या नळीतले रक्त पीसीआरमध्ये, म्हणजे डीएनएच्या प्रती वाढवण्याच्या प्रक्रियेत, अडथळा आणते, आणि शिबिरात ईडीटीएच्या नळ्या संपल्या की हाताशी असेल ती नळी वापरण्याचा मोह होतो.

एकदा आमच्याकडे एका केंद्रातून आलेली पेटी उघडली. बर्फ वितळलेला होता आणि ९६ नळ्यांपैकी अकरांवरचे क्रमांक पाण्याने पुसले गेले होते, कारण ते साध्या पेनाने कागदी पट्टीवर लिहिले होते. पाठवणाऱ्याने एकही नळी विसरली नव्हती, पेटीही वेळेत निघाली होती. फक्त लेबल कशाने लिहायचे हे कोणी सांगितले नव्हते. अकरा माणसांनी दिलेले रक्त आम्हाला टाकून द्यावे लागले. तेव्हापासून छापील, थंडीत टिकणारी लेबले आम्हीच सगळ्या केंद्रांना पुरवतो आणि तीच लेबले संमतिपत्रावरही चिकटवायला सांगतो.

तपासा: प्रत्येक पेटीसोबत नळ्यांची यादी वेगळ्या मार्गाने, ईमेलने, पोहोचली का? पेटी उघडणाऱ्याने त्याच दिवशी, नळी मोजून, पोच पाठवली का?

## टप्पा ६: रंगीत तालीम

हा टप्पा वेळ वाचवण्यासाठी गाळला जातो. तो कधीही गाळू नये. मुख्य संकलनाआधी प्रत्येक केंद्राने पाच ते दहा नमुने पूर्ण मार्गाने पाठवावेत: संमती, नोंद, नळी, वाहतूक, डीएनए, तपासणी आणि फाइल परत. त्यांबरोबर एक सामाईक संदर्भ-डीएनए प्रत्येक प्रयोगशाळेने तपासावा. एनए१२८७८ हा नमुना यासाठी जगभर वापरला जातो आणि त्याच्या जनुकसंचातले फरक अतिशय बारकाईने नोंदवलेले आहेत. तुमच्या यंत्राने त्यात काय चुकवले, हे कोणाच्याही अहंकाराला धक्का न लावता समजते.

डीएनएचे मोजमापही याच वेळी जुळवावे. एक केंद्र नॅनोड्रॉपवर मोजते, दुसरे क्युबिटवर. नॅनोड्रॉप आरएनए आणि इतर अशुद्धीही डीएनएमध्ये धरतो, त्यामुळे त्याचा आकडा बहुधा जास्त येतो. मग ‘तुम्ही कमी डीएनए पाठवला’ असा आरोप होतो आणि प्रत्यक्षात फरक फक्त यंत्रांचा असतो.

## टप्पा ७: नमुने मिसळून मांडा

आलेले नमुने केंद्रवार प्लेटवर, म्हणजे अनेक नमुने एकत्र तपासण्याच्या खाचांच्या तबकावर, मांडू नयेत. नागपूरच्या सगळ्या नळ्या पहिल्या प्लेटवर आणि नंदुरबारच्या दुसऱ्या प्लेटवर गेल्या, की प्लेटमधला फरक आणि लोकसमूहांतला फरक नंतर वेगळा काढता येत नाही. सौम्य आजाराचे आणि तीव्र आजाराचे रुग्णही प्रत्येक प्लेटवर मिसळलेले हवेत. २०१० मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात शतायुषी लोकांच्या जनुकांवरचा एक गाजलेला लेख आला आणि २०११ मध्ये तो मागे घ्यावा लागला. जनुकचाचणीच्या चिपमधल्या तांत्रिक त्रुटी आणि दर्जा-तपासणीतली कमतरता त्यामागे होती. शतायुषी आणि तुलनेचे गट एकाच तऱ्हेने तपासले गेले नव्हते.

## टप्पा ८: डेटा एकत्र करणे

प्रत्येक फाइलसोबत एमडी५ चेकसम (फाइल वाटेत बदलली का हे दाखवणारा संकेत) आणि एक साधी माहितीपत्रिका असावी: यंत्र, चिप, संदर्भ-जनुकसंचाची (ज्याच्याशी ताडून फरकांची स्थाने ठरतात त्या सामाईक नकाशाची) आवृत्ती, सॉफ्टवेअर आणि त्याची आवृत्ती. यानंतर पुढील तपासण्या याच क्रमाने कराव्यात.

पहिली, संदर्भ-जनुकसंचाची आवृत्ती. सिकलसेलचाच फरक, ज्याचा नोंदक्रमांक आरएस३३४ आहे, जीआरसीएच३७ या जुन्या आवृत्तीमध्ये ११ व्या गुणसूत्रावर ५२,४८,२३२ या स्थानी आहे आणि जीआरसीएच३८ या नव्या आवृत्तीमध्ये ५२,२७,००२ या स्थानी. दोन केंद्रांनी दोन आवृत्त्या वापरल्या आणि कोणी विचारले नाही, तर स्थानांची जुळणीच होणार नाही.

दुसरी, डीएनएच्या दोन धाग्यांपैकी कोणता धागा. सिकलसेलचा बदल ज्यात होतो ते बीटा ग्लोबिनचे जनुक संदर्भाच्या उलट धाग्यावर आहे. जनुकाच्या भाषेत हा बदल ‘ए’चा ‘टी’ होतो, संदर्भाच्या धाग्यावर ‘टी’चा ‘ए’. म्हणजे एका प्रयोगशाळेच्या तक्त्यात ‘ए’ निरोगी आहे आणि दुसऱ्याच्या तक्त्यात तोच ‘ए’ सिकल. ए-टी आणि सी-जी या जोड्यांत नुसते अक्षर पाहून धागा ओळखता येत नाही, म्हणून तो लेखी विचारावा. नावातही असाच घोळ आहे: जुन्या लेखांत हा बदल प्रथिनात सहाव्या जागी सांगितला जातो, तर आजच्या नामकरणपद्धतीत मिथिओनिन हे पहिले अमिनो आम्ल धरून सातव्या जागी. दोघेही बरोबर असतात आणि दोघेही दुसऱ्याला चूक ठरवतात.

तिसरी, माणूस तोच आहे का. नोंदवलेले लिंग आणि एक्स गुणसूत्रावरून दिसणारे लिंग जुळवा. मग सगळ्या नमुन्यांची एकमेकांशी तुलना करून दुहेरी नोंदी आणि नातेवाईक शोधा. आपल्याकडे हे फार महत्त्वाचे आहे, कारण गडचिरोलीचा रुग्ण नागपूरलाही उपचार घेतो आणि दोन्हीकडे त्याची नोंद होते.

सावधान: रुग्ण म्हणून नोंदलेल्या व्यक्तीत आरएस३३४ ची एकच सिकल प्रत दिसली, तर ‘नळ्या अदलाबदल झाल्या’ असा ईमेल लगेच सर्वांना पाठवू नका. ती व्यक्ती सिकल-बीटा थॅलसेमियाची असू शकते, म्हणजे तिच्या एका प्रतीत सिकलचा आणि दुसरीत बीटा थॅलसेमियाचा दोष असू शकतो. आधी तिचा एचपीएलसीचा आलेख मागवा. अशा घाईच्या एका ईमेलने महिनाभराचा विश्वास जातो.

चौथी, एक्सेल. जनुकांची नावे एक्सेलमध्ये उघडली की काही नावांच्या तारखा होतात. ‘सेप्ट२’ आणि ‘मार्च१’ यांची एवढी नासाडी झाली की २०२० मध्ये जनुकनामकरण समितीने त्यांची नावे ‘सेप्टिन२’ आणि ‘मार्चएफ१’ अशी बदलली. देवाणघेवाण साध्या टेक्स्ट फाइलमध्येच करावी.

एखाद्या केंद्राला कच्चा डेटा बाहेर देता येत नसेल, तर त्याला वगळू नका. तेच विश्लेषण, त्याच स्क्रिप्टने, त्या केंद्राने स्वतःकडे चालवावे आणि फक्त एकत्रित आकडे पाठवावेत. अशा आकड्यांची बेरीज करण्याच्या पद्धती रुळलेल्या आहेत.

## टप्पा ९: बैठका

दर पंधरा दिवसांनी चाळीस मिनिटे पुरतात. अध्यक्षपद केंद्रांमध्ये फिरते ठेवावे आणि निर्णय त्याच दिवशी, निर्णय घेणाऱ्याच्या नावासह, लिहून पाठवावेत. बैठकीत पहिली पाच मिनिटे क्षेत्रातल्या तंत्रज्ञाला बोलू द्यावीत. फ्रीझर रात्री किती वेळ बंद होता हे प्राध्यापकांना नव्हे, त्याला माहीत असते.

## टप्पा १०: लेख, निकाल आणि उरलेले नमुने

मसुदा फिरवताना टप्पा २ मधला लेखकत्वाचा परिच्छेद ईमेलच्या सुरुवातीला जसाच्या तसा चिकटवावा. कामाची विभागणी नोंदवण्यासाठी क्रेडिट या पद्धतीतल्या १४ भूमिका सोयीच्या आहेत. नमुने आणि रुग्णांच्या नोंदी गोळा करणाऱ्यांना ‘संसाधने’ आणि ‘अन्वेषण’ या भूमिकांत हक्काची जागा मिळते.

लेखाइतकाच महत्त्वाचा आहे तो लोकांना द्यायचा निकाल. एखाद्याच्या उपचाराला उपयोगी पडेल असे काही सापडले, तर ते कोण सांगणार, कोणत्या भाषेत, आणि सोबत समुपदेशक असेल का, हे संमतिपत्रात लिहिल्याप्रमाणेच व्हावे. संशोधन-प्रयोगशाळेतला निकाल प्रमाणित प्रयोगशाळेतून पुन्हा तपासल्याशिवाय रुग्णाच्या हाती देऊ नये. गावात जाऊन एकूण निष्कर्ष सांगण्याचा खर्च अंदाजपत्रकात पहिल्याच वर्षी धरावा, कारण शेवटच्या वर्षी पैसे उरत नाहीत.

प्रकल्प बंद करताना फ्रीझरची यादी छापून प्रत्येक रांग प्रत्यक्ष मोजावी. प्रत्येक नळीपुढे ‘परत’, ‘जतन’ किंवा ‘नष्ट’ यांपैकी एक शब्द लिहावा, चारही केंद्रांच्या सह्या घ्याव्यात आणि त्या यादीची प्रत ज्या एथिक्स कमिटीने मंजुरी दिली तिच्याकडे अंतिम अहवालासोबत जमा करावी.